‘कोनी’, ‘कोणी’ आणि राहून गेलेलं उत्तर

प्रश्न : माझी मुलगी मराठी घेऊन एम.ए. झाली. दोन वर्षांपासून घरूनच अनुवाद आणि मुद्रितशोधनाची कामं करते. अनुवादकांच्या एका ऑनलाइन गटात ती आहे. गेल्या महिन्यात तिथे एका नवख्या मुलाने विचारलं, ‘कोनी सांगेल का, पहिल्या कामाला दर काय लावायचा?’ तिने खाली लिहिलं, ‘आधी कोनी नाही, कोणी. अनुवादकाला एवढं तरी यावं.’ बऱ्याच जणांनी हसणारे इमोजी टाकले. थोड्या वेळाने त्या मुलाने प्रश्नच काढून टाकला. गट चालवणाऱ्या बाईंनी हिला समज दिली. ज्या ज्येष्ठ अनुवादिका हिच्याकडे अधूनमधून काम पाठवायच्या, त्यांच्याकडूनही तेव्हापासून काही आलेलं नाही. मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं. शुद्ध लिहिण्याचा आग्रह धरणं हा आता गुन्हा झाला का? तिने हे क्षेत्र सोडावं का?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर :
नमस्कार सर,

क्षेत्र सोडायचं काही कारण नाही. ‘कोनी’ दिसलं की हात शिवशिवतात, हे तर या धंद्यातलं भांडवल. ते सगळ्यांकडे नसतं. ते तुम्ही तिला दिलंत, हे पत्रावरून कळतंच आहे.

माझंच एक सांगते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचत होते. एका ग्रामीण कथेचं प्रूफ आलं. त्यातली म्हातारी ‘पानी’ म्हणायची, ‘लोनी’ म्हणायची. मी सगळे ‘न’ इमानदारीत ‘ण’ केले आणि कामावर खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी लेखक आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘माझ्या म्हातारीला शाळेत कधी घातलंत?’ मला आजही ते आठवलं की कान गरम होतात. आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी तेव्हा एक सवय लावली. खात्री असेल तिथे दुरुस्ती करायची. नसेल तिथे समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं, ‘असंच हवं आहे ना?’ त्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हावर मी पुढे बरीच वर्षं पोट भरलं.

त्या मुलाच्या ‘कोनी’कडेही जरा थांबून बघायला हवं होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ‘ण’ बोलण्यात येतच नाही. तिथलं मूल शाळेत जातं तेव्हा ‘पाणी’ हा शब्द त्याला नव्याने शिकावा लागतो, पुण्यातल्या मुलाला लागत नाही. अनुवादाचं काम करायचं तर त्याला ‘कोणी’ लिहावंच लागेल, यात मी सूट देणार नाही. पण ते त्याच्या मजकुराचं प्रूफ नव्हतं. त्याने दर विचारला होता. पोटापाण्याचा प्रश्न होता तो, आणि पोस्टखालच्या त्या सगळ्या भाषाजाणकारांपैकी एकानेही त्याचं उत्तर दिलं नाही. मला खटकलं ते हे.

नियमांचं म्हणाल तर तुम्हाला काय सांगायचं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने 1962 साली मान्य केले, 1972 साली आणखी चार आले. त्याआधी शिकलेल्या माणसांच्या पत्रांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असायचं. नियम आले आणि ते अनुस्वार गेले. म्हणून ती माणसं अडाणी ठरली नाहीत. छापील मजकूर एकसारखा असावा म्हणून आपण केलेला हा करार आहे, आणि तो पाळून घेण्याचे तुमच्या मुलीला पैसे मिळतात. पैसे मिळतात तिथे तिने काटेकोर असावंच. सरकारी परिपत्रक, औषधाच्या डब्यावरची सूचना, पाठ्यपुस्तक, जाहिरात, कुणाचा बायोडेटा : इथे एक वेलांटीसुद्धा सोडू नये.

आता थोडं धाडस करते, राग मानू नका. तुमच्या पत्रात ‘परंतू’ दोनदा आलं आहे, दोन्ही वेळा दीर्घ. इथे संक्षेपात ती वाक्यं गाळली आहेत आणि नावही छापलेलं नाही, म्हणूनच लिहितेय. समजा मी उत्तराची सुरुवातच ‘आधी परंतू नाही, परंतु’ अशी केली असती, तर? पुढचं एक अक्षर तुम्ही वाचलं असतंत का? माझ्या या उत्तरातही कुठेतरी काहीतरी निसटलं असेलच. दुसऱ्याची चूक काढणाऱ्या मजकुरात स्वतःची एक चूक हमखास असते, असा ‘मफ्रीचा नियम’ जॉन बँग्संड या ऑस्ट्रेलियन संपादकाने 1992 साली गंमतीने मांडला होता. ‘जे बिघडू शकतं ते बिघडतंच’ या प्रसिद्ध ‘मर्फीच्या नियमा’चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याने हे नाव बनवलं.

कामाचं बोलू. घरून काम करणाऱ्यांना ऑफिस नसतं, साहेब नसतो, वार्षिक मूल्यमापन नसतं. असे ऑनलाइन गट हेच त्यांचं ऑफिस आणि चहाची टपरीही. काम बहुतेक वेळा ओळखीतून येतं, आणि काम पुढे देणारा माणूस मनात एकच गोष्ट तपासतो : ही माझ्या ग्राहकाशी कशी बोलेल? त्या ज्येष्ठ बाई तिचं मराठी नक्कीच ओळखून असणार. बहुधा त्यांनी तेवढी एक ओळ वाचली आणि आपल्या ग्राहकाला त्या मुलाच्या जागी ठेवून पाहिलं. (हा माझा अंदाज. विचारायचं तर तिनेच त्यांना फोन करावा, मेसेज नको.)

चूक दिसली की गप्प बसणं तिला जमणार नाही, आणि जमवूही नये. तुम्ही वर्गात काय करायचात ते आठवा. पोरगं म्हणायचं, ‘सर, पानी प्यायला जाऊ?’ तुम्ही म्हणत असाल, ‘जा, पाणी पिऊन ये.’ झाली दुरुस्ती, आणि पोराची तहानही भागली. तिनेही उत्तर देता देता ‘कोणी’ बरोबर लिहावं. फारच राहवलं नाही तर खाजगीत एक ओळ.

आणि दुरुस्तीची हौस भागवायला मराठी विकिपीडिया आहे. 2003 पासून चालू आहे आणि तिथे कामाचा ढीग आहे. चूक दिसली की संपादन उघडायचं, दुरुस्त करायची, जतन करायचं. कुणी चुकवलं याची चर्चा नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर ‘नवागतांना चावू नका’ असं मार्गदर्शक तत्त्वच आहे, याच शब्दांत. सहा महिने नेमाने केलं तर तिच्या नावावरची संपादनं कोणालाही उघडून दाखवता येतील. बायोडेटात ‘भाषेवर प्रभुत्व’ लिहिण्यापेक्षा ते बरं. तुमच्या जिल्ह्यातच, वाईला, विश्वकोश मंडळ आहे. तिथे एकदा जाऊन नोंदींचं संपादन कसं चालतं हे तिने जरूर बघावं.

राहिला तो मुलगा. त्याने प्रश्न काढून टाकला तरी तो गटात असेल. तिने त्याला खाजगीत लिहावं, ‘त्या दिवशी माझं चुकलं’ एवढंच, स्पष्टीकरण न देता. आणि खाली त्याचं उत्तर द्यावं : दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरव, अनुवादाच्या नको, म्हणजे दोघांनाही रक्कम आधीच कळते. ठरवण्याआधी त्यातलं एक पान करून बघ, किती तास लागले ते लिहून ठेव, त्यावरून आकडा काढ. दुसरं वाचन आणि दुरुस्त्या त्यात धरल्या आहेत की वेगळ्या, हे ईमेलवर लिहून घे. काम मोठं असेल तर काही रक्कम आगाऊ माग, लाजू नकोस. आणि पहिलं काम पाठवण्याआधी वाचून हवं असेल, तर मला पाठव.