दुरुस्तीची वर्गणी आणि चालवण्याचा खर्च

प्रश्न : आमच्या वस्तीतील सार्वजनिक वाचनालयाची इमारत अनेक वर्षे बंद आहे. ती दुरुस्त करून तेथे वाचनालय, मुलांसाठी अभ्यासिका आणि ज्येष्ठांसाठी बसण्याची जागा करावी, असे आम्हा रहिवाशांना वाटते. क्राउडफंडिंगच्या, म्हणजे अनेकांकडून लहान-लहान वर्गणी गोळा करण्याच्या, संकेतस्थळावरून याचा सगळा खर्च उभा राहील का? आणि ठरवलेली रक्कम जमली नाही, तर आलेल्या पैशांचे काय होते?
— एक वाचक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. काही संकेतस्थळांवर मुदतीत उद्दिष्ट पूर्ण झाले तरच वर्गणीदारांचे पैसे वळते होतात, अन्यथा कोणाकडूनही काही घेतले जात नाही. इतर काही ठिकाणी जेवढे जमले तेवढे आयोजकांच्या हाती येते. इमारतीच्या कामासाठी मी पहिली पद्धत सुचवेन, कारण निम्म्या पैशांत निम्मे छप्पर घालता येत नाही आणि अर्धवट कामामुळे गेलेला विश्वास सहजी परत येत नाही.

सगळा खर्च मात्र केवळ वर्गणीतून क्वचितच निघतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे रस्ते आणि रेल्वेमार्ग यांमुळे तुटलेले भाग जोडणारा सुमारे ४०० मीटर लांबीचा लाकडी पादचारी पूल याच मार्गाने सुरू झाला. २५ युरो देणाऱ्याचे नाव एका फळीवर कोरले जाई. तरीही मोठा निधी आला तो २०१२ मध्ये नागरिकांच्या मतदानातून मिळालेल्या महापालिकेच्या सुमारे ४० लाख युरोंच्या रूपाने. हजारो फळ्यांवरची ती नावे म्हणजे हा पूल लोकांना हवा असल्याचा पुरावाच होता. म्हणून आपणही वर्गणीदारांची संख्या रकमेइतकीच महत्त्वाची माना. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी रखडला होता, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी प्रत्येक देणगीदाराचे नाव आपल्या वृत्तपत्रात छापण्याचे वचन दिले आणि सुमारे पाच महिन्यांत १ लाख २० हजारांहून अधिक लोकांनी मिळून १ लाखाहून अधिक डॉलर दिले; त्यांतील बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती.

आपण विचारलेला नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे : दुरुस्तीनंतर ही वास्तू चालवणार कोण आणि कशातून? इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथील समुद्रात आतपर्यंत बांधलेला जुना धक्का (पिअर) २०१० च्या आगीत जवळजवळ नष्ट झाला. तो वाचवण्यासाठी ३ हजारांहून अधिक लोकांनी तो चालवणाऱ्या संस्थेचे सामुदायिक भाग (शेअर) विकत घेतले, सार्वजनिक लॉटरी निधीतून १ कोटी १० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि २०१६ मध्ये धक्का पुन्हा खुला झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. पुढच्याच महिन्यात तो चालवणारी संस्था आर्थिक अडचणीमुळे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतील प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि २०१८ मध्ये धक्का खासगी मालकाला विकला गेला. ज्यांनी मनापासून पैसे दिले, त्यांच्या वाट्याला आलेल्या या निराशेचा विचार करताना मला आजही वाईट वाटते, कारण कमी पडला तो लोकांचा उत्साह नव्हे, तर रोजच्या खर्चासाठी लागणारा पैसा.

त्यामुळे आवाहन करण्याआधी जागेचा मालक कोण आहे हे तपासून दीर्घ मुदतीचा लेखी करार करून घ्या. वीज, डागडुजी, विमा आणि कर्मचाऱ्याचे वेतन यांचा निदान तीन वर्षांचा अंदाज मांडा. पहिल्यांदा लहान, पूर्ण करता येईल असाच टप्पा निवडा. लंडनच्या पेकहॅम भागात जुन्या कोळसा-रेल्वेच्या जागेवर उद्यान करू पाहणाऱ्या रहिवाशांनी २०१५ मध्ये वर्गणी मागितली ती उद्यानासाठी नव्हे, तर ते शक्य आहे का याच्या अभ्यासासाठी, आणि ९०० हून अधिक जणांनी ७५ हजार पौंडांहून अधिक रक्कम दिली. इमारतीची तांत्रिक तपासणी आणि खर्चाचे अंदाजपत्रक हा आपला पहिला टप्पा होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ज्या वस्तीत पैसा, ओळखी आणि मोकळा वेळ आहे तेथे अशी आवाहने लवकर यशस्वी होतात, आणि वाचनालयाची खरी गरज असलेली कुटुंबे वर्गणीदारांच्या यादीत दिसतही नाहीत. ब्रिटनमधील सामुदायिक भागांच्या व्यवस्थेत कोणी कितीही रक्कम गुंतवली तरी एका सभासदाला एकच मत असते. आपण त्यापुढे एक पाऊल जाऊन श्रमदान करणाऱ्यालाही सभासदत्व द्यावे, आणि वेळा, शुल्क व जागेचा वापर ठरवणाऱ्या सभेत त्याचे मत मोठ्या देणगीदाराच्या मताइतकेच मोजले जाईल, असे नियमावलीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.