बूटलोडरमध्ये (बोर्ड चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) कन्सोल आउटपुट बफर करणारा, म्हणजे लॉगच्या ओळी लगेच न पाठवता रॅममध्ये साठवणारा बदल रिव्ह्यूला आलाय, बूट लवकर होतं म्हणतात. मंजूर करू का?

लगेच नको. वेग वाढतो हे खरंच आहे. सिरियल लाइनवर 115200 बॉडला (सेकंदाला इतके बिट) एक अक्षर जायला साधारण 87 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे 80 अक्षरांच्या ओळीला जवळपास 7 मिलिसेकंद. पण बोर्ड मध्येच मेलं तर बफरमधल्या ओळींचं काय होतं, ते आधी विचारा.

वाळूजला पंप कंट्रोलरवर काम करताना आम्ही यातच फसलो. फीडरवर लाईट गेली-आली की बोर्ड लटकायचं आणि वॉचडॉग (अडकलेलं बोर्ड परत सुरू करणारा टायमर) त्याला रीसेट करायचा. लॉगमधली शेवटची ओळ कायम 'मोटर ड्रायव्हर सुरू'. दोन दिवस त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. खरा घोळ त्याच्या बराच पुढे, ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) वाचताना होता. मधल्या पाच-सहा ओळी रॅममध्येच गडप झालेल्या.

म्हणून पॅनिक (न सावरता येणारी चूक), रीसेट आणि कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ताबा देण्याआधी फ्लश होतोय का, म्हणजे बफरमधलं सगळं बाहेर पाठवलं जातंय का, हे कोडमध्ये बोट ठेवून बघा. पॅनिकमधला फ्लश इंटरप्टवर (हार्डवेअरच्या हाकेवर) अवलंबून नको, आणि तिथं लॉकची (दुसऱ्या कोडने अडवून ठेवलेल्या ताब्याची) वाट बघत बसला तर बोर्ड तिथंच अडकेल. नुसता बफर रिकामा होऊन भागत नाही, यूएआरटीचं (सिरियल लाइनवर अक्षरं पाठवणारी चिप) ट्रान्समिट पूर्ण झाल्याचं बिटही तपासायला हवं. नाहीतर शेवटची अक्षरं फिफोतच (यूएआरटीमधली छोटी रांग) राहतात.

बफर भरला तर ओळी टाकून द्यायच्या की थांबायचं, ते कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) लिहून मागा. टाकून देत असतील तर किती गेल्या तो आकडा तरी छापा म्हणावं.