वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शब्द पाठ होतात, तोंडात येत नाहीत

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी रोज वीस इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ वहीत उतरवतो. महिन्याभराने वही उघडली की निम्मे शब्द पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं. पाठांतर कमी पडतंय का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : पाठांतर भरपूर होतंय, घोळ वहीच्या मांडणीत आणि वेळापत्रकात आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी वही वाचताना नजर दोन्ही रकान्यांवरून एकदमच फिरते. अर्थ समोरच असल्यामुळे डोक्याला तो शोधावा लागत नाही, आणि ‘हे तर येतंय’ असा समज होतो. परीक्षेत किंवा बोलताना मात्र उजवा रकाना नसतो.

वही बाजूला ठेवा आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच शब्द. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू नका, मराठी वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘पैसे द्यायला तो कां-कूं करत होता.’ मागच्या बाजूला : ‘ही वॉज रिलक्टंट टू लेंड द मनी.’ यातल्या ‘रिलक्टंट टू’ खाली रेघ ओढा. नुसतं ‘रिलक्टंट म्हणजे नाखूश’ असं पाठ केलं, तर त्यापुढे ‘टू’ येतं की ‘फॉर’, हे वाक्य जुळवताना कळत नाही, आणि मग माणूस तो शब्दच टाळतो. शब्द पाठ असूनही तोंडात न येण्याचं नेहमीचं कारण हेच. वाक्य स्वतः रचण्यापेक्षा शब्दकोशातलं किंवा वर्तमानपत्रातलं उचला. सुरुवातीला स्वतःच्या वाक्यात मराठीची वळणं शिरतात आणि नेमकी तीच पाठ होतात.

आता उजळणी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरलं जातं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यांत दिसलं. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री हवी. रविवारी एकगठ्ठा केलेली उशिराची ठरते. पुढच्या उजळण्यांसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत सोपी आहे. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकलं की ती कुठल्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात. इथे स्वतःला सूट देऊ नका. ‘आठवलंच होतं जवळजवळ’ म्हणजे चुकलं.

रोज वीस शब्द का झेपत नाहीत, ते साधा हिशोब सांगतो. प्रत्येक शब्दाच्या किमान पाच उजळण्या धरल्या, तर गाडी रुळावर येईपर्यंत रोज शंभर चिठ्ठ्या समोर येऊ लागतात. रोज सात नवे शब्द घेतलेत तर पस्तीस होतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणखी एक : एकाच दिवशी ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, किंवा एकाच अर्थाचे पाच समानार्थी शब्द घेऊ नका. सारखे दिसणारे आणि सारख्या अर्थाचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत गुंततात. एक पक्का झाला, तिसऱ्या कप्प्यात पोहोचला, की मगच त्याचा जोडीदार आणा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत समानार्थी शब्दांच्या याद्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. त्या संदर्भाला ठीक, पाठांतराला वाईट.

प्रश्न : आमच्या कंपनीचे ग्राहक इंग्लंड-अमेरिकेतले आहेत. ई-मेलमध्ये ‘रिव्हर्ट’, ‘प्रीपोन’, ‘डाउट’ हे शब्द वापरले की ते गोंधळतात, असं वरिष्ठ म्हणतात. हे शब्द चुकीचे आहेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

‘प्रीपोन’ शब्दकोशात आहे, भारतीय इंग्रजीतला म्हणून ऑक्सफर्डनेही त्याची नोंद घेतली आहे. भारतात खुशाल वापरा. बाहेर मात्र तो फारसा माहीत नाही. तिथे ‘कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टू मंडे?’ असं लिहा, अमेरिकन ग्राहक असेल तर ‘मूव्ह अप’. दोन्हींपुढे नवा वार आणि तारीख टाकाच, कारण ‘मीटिंग पुढे घेऊ’ म्हटल्यावर आपल्याकडेही अलीकडे की पलीकडे हा वाद होतोच.

‘रिव्हर्ट’ जरा धोक्याचा. त्याचा सर्वत्र चालणारा अर्थ पूर्वस्थितीला जाणं. सॉफ्टवेअरच्या कामात तर ‘प्लीज रिव्हर्ट’ याचा अर्थ ‘केलेला बदल मागे घ्या’ असाच घेतला जाईल, आणि कुणीतरी तो खरोखर मागे घेईल. उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ किंवा ‘गेट बॅक टू मी’ लिहा.

‘आय हॅव अ डाउट’ वाचून त्यांना वाटतं, तुमचा त्यांच्या म्हणण्यावर विश्वास नाही. शंका विचारायची आहे ना? ‘आय हॅव अ क्वेश्चन’. परिचय देतानाही जपा. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे ऐकणाऱ्याला ‘२०१९ साली मला चक्कर आली’ असं वाटू शकतं. खडकवासल्याच्या एनडीएची ‘पासिंग आउट परेड’ बरोबर आहे, कारण सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करण्याला ब्रिटिश इंग्रजीतही हाच प्रयोग आहे. कॉलेजसाठी ‘ग्रॅज्युएटेड’.

‘डू द नीडफुल’ बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. व्याकरणात काही खोट नाही. इंग्लंडात मागे पडलेला आणि आपल्या कचेऱ्यांत टिकून राहिलेला प्रयोग आहे. पण त्यातून नेमकं काय करायचं हे समोरच्याला कळत नाही, म्हणून तो टाळलेला बरा. ‘कृपया बिलावर सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा’ हे सरळ इंग्रजीत लिहिलं की काम होतं.

प्रश्न : मुलगी सातवीत मराठी माध्यमात आहे. ‘आय ॲम सीइंग टीव्ही’, ‘गिव्ह मी युवर पेन, आय लेंड इट’ असं लिहिते. समजावून कसं सांगू? (एक पालक, नाशिक)

उत्तर : जिथे मराठीत एका क्रियापदावर भागतं आणि इंग्रजीत दोन-तीन लागतात, तिथेच या चुका होतात. ‘बघणे’ घ्या. सहज नजरेस पडलं तर ‘सी’ : खिडकीतून मोर दिसला. मुद्दाम नजर वळवली तर ‘लुक ॲट’ : फळ्याकडे बघ. जे हलतंय, घडतंय, ते थोडा वेळ बघत राहिलो तर ‘वॉच’ : मॅच, टीव्ही, रांगणारं बाळ. तिला घरातल्या घरात तिन्ही करून दाखवायला लावा. (‘आय ॲम सीइंग हर’ याचा अर्थ आमचं जमलंय असाही होतो, हे तिला दहावीनंतर कळलं तरी चालेल.)

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ साठी वस्तू कुठल्या दिशेला जाते ते बघायचं. माझ्याकडून तुझ्याकडे गेली तर मी ‘लेंड’ केली. तुझ्याकडून माझ्याकडे आली तर मी ‘बॉरो’ केली. मराठीत ‘उसनं’ तेच राहतं, देणे-घेणे बदलतं. इंग्रजीत क्रियापदच बदलतं. ‘रेंट’ मात्र दोन्हीकडे चालतं, घर भाड्याने देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. इमारतींवर ‘टू लेट’ची पाटी असते, त्यातला ‘लेट’ फक्त देणाऱ्याचा.

प्रश्न : पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ लागल्यावर अर्थ उलटा व्हायला नको का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : इथला ‘इन’ नकाराचा नाही. ‘इनफ्लेम’ म्हणजे पेटवणे, त्याला ‘एबल’ जोडलं. म्हणजे ‘इनफ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ पटकन पेट घेणारं. गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता बहुधा ‘फ्लेमेबल’ पसंत करतात. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’. असाच फसवा शब्द ‘इनव्हॅल्युएबल’. त्याचा अर्थ अमूल्य, कवडीमोलाला ‘वर्थलेस’.

प्रश्न : एकूण किती शब्द आले म्हणजे इंग्रजी आलं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कशासाठी हवं, त्यावर आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये केलेल्या प्रसिद्ध यादीत सुमारे २००० शब्द आहेत. रोजच्या बोलण्या-वाचण्याचा मोठा भाग तेवढ्यांत येतो. कॉलेजची पुस्तकं वाचायची तर त्यावर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुलांची शैक्षणिक यादी. कादंबरी किंवा वर्तमानपत्र शब्दकोशाविना वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ चा अंदाज आहे. शब्दकुल म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे मिळून एक. पहिले दोन हजार पक्के नसताना अवघड शब्दांच्या मागे लागणं हा वेळेचा अपव्यय.

प्रश्न : शब्दकोशात नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ अक्षर असतं, ते कशासाठी? (एक शिक्षिका, बेळगाव)

उत्तर : ‘सी’ म्हणजे मोजता येणारं नाम, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. अर्थाच्या आधी हे अक्षर बघायची सवय मुलांना लावा. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’ हे सगळे ‘यू’. म्हणून ‘फर्निचर्स’ नाही आणि ‘ॲन ॲडव्हाइस’ही नाही, एक सल्ला म्हणजे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. काही शब्दांपुढे दोन्ही अक्षरं असतात, तिथे अर्थ बदलतो : ‘पेपर’ कागद असेल तर ‘यू’, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर ‘सी’. आणि शेवटी ‘ज’ ऐकू येत असला तरी ‘न्यूज’ एकवचनीच : ‘द न्यूज इज गुड’.