कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या : पहिल्याच महिन्यात घाबरू नका

दादा, मेडिकलचं पहिलं बिल बघून गोळी बंद करायची नाही, आधी एवढं ऐका. मी सांगलीत सात वर्षं ही गोळी खातोय आणि सुरुवातीची दोन वर्षं नुसता येड्यासारखा पैसा घातला, कारण पट्टीवरचं ब्रँडचं मोठं नाव वाचायचो, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं अटोर्वास्टॅटिन १० एमजी कधी वाचलंच नाही. ते बारीक अक्षर म्हणजेच औषध, बाकी नुसती पाटी.

डॉक्टरांना सरळ म्हणायचं, साहेब जेनेरिक नाव, म्हणजे ते बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव, लिहून द्या. लाजायचं काय त्यात? मग चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात जायचं, सांगली-मिरजेत आहेत, 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि दर दोन्ही दिसतं. कधीकधी माल संपलेला असतो, म्हणून गोळ्या दहा-बारा उरल्या की निघायचं, शेवटच्या दिवशी धावाधाव नको. साध्या मेडिकलमध्ये गेलात तर 'डिस्काउंट देतो' ऐकून भुलू नका, एमआरपीच फुगवलेली असली तर वीस टक्के सूट काय कामाची, दर गोळीमागं हिशोब करा.

आणि हो, पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी घेणं, अर्धी मोडणं, हे परस्पर करायचं नाही. अटोर्वाच्या जागी दुकानदारानं परस्पर रोसुवा (रोसुवास्टॅटिन, कोलेस्ट्रॉलचीच दुसरी गोळी) दिली तर घेऊ नका, ते वेगळं औषध, डोसही वेगळा. लिपिडची टेस्ट, म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हाच, दर महिन्याला फुल बॉडी पॅकेज कशाला?