बाकावर बसून मॉल बघ

प्रिय पोरी,

सांतियागोला पोचल्याचा निरोप मिळाला, फोटोही पाहिला. कोस्तानेरा सेंटरच्या बुरुजाखाली मान वर करून काढलेला तो फोटो तिथे गेलेला प्रत्येक नवा माणूस काढतो. मीही काढला होता. ३०० मीटर उंचीची ती इमारत आणि तिच्या पायथ्याशी २०१२ साली उघडलेला मॉल बघून आपल्याला वाटतं, चिलीची दुकानदारी आपल्याला समजली. हीच इमारत २००९च्या मंदीत महिनोन्‌महिने अर्धवट उभी होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दुकानांच्या बिलांचे आकडे वाचायला तू गेली आहेस, म्हणून हे लिहितो. चिली उत्तर-दक्षिण साधारण ४,३०० किलोमीटर पसरलेला आहे, आपल्या काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. त्याचे १६ प्रदेश. सांतियागोच्या मापाने बाकीचे मोजू नकोस. मी मोजले होते, आणि तोंडावर पडलो होतो.

झालं असं की दक्षिणेतल्या पुएर्तो मोंतच्या एका मॉलबद्दल मी मोठ्या ऐटीत अहवाल लिहिला: माणसं भरपूर येतात, पावत्या कमी फाटतात, सबब दुकानांची मांडणी चुकली आहे. तिथल्या सहकारी बाई वाचून हसल्या. म्हणाल्या, ‘अहो, बाहेर पाऊस आहे.’ तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकणारा पाऊस नव्हे. जून-जुलैत थंडगार सरी, वर वारा, साडेपाचच्या आत अंधार. म्हातारी माणसं चालायला येतात, पोरं गृहपाठ घेऊन बसतात, बाया नातवंडं खेळवतात. त्यांना छप्पर हवं असतं, खरेदी होईल तेव्हा होईल. एका शनिवारी मी दुपारभर तिथल्या बाकावर बसलो आणि अहवाल फाडून टाकला.

उत्तरेला गणित उलटं. आंतोफागास्ताचा मॉल समुद्राला लागून आहे, पाठीशी आताकामाचं वाळवंट. तांब्याच्या खाणींत बरेच जण सात दिवस काम, सात दिवस सुटी अशा पाळीवर असतात. ज्याची सुटी मंगळवारी सुरू होते त्याला शनिवार-रविवारचं काय कौतुक! तेव्हा वारांची सरासरी काढण्याआधी पाळीचा तक्ता माग.

आणखी वर इकीकेला जमलं तर जाऊन ये. १९७५ साली तिथे सोफ्री हे करमुक्त व्यापारक्षेत्र सुरू झालं, आत मोठा मॉलही आहे. बराच माल तिथून पुढे बोलिव्हियाला जातो. तिथे एखाद्या काउंटरमागून कुणी हिंदीत विचारपूस केली तर दचकू नकोस, सिंधी व्यापारी तिथे आहेत. थेट दुसऱ्या टोकाला, पुंता आरेनासलाही आहेत; तिथे तर त्यांचं देऊळ आहे. मला तिथल्या वाऱ्यात धड उभं राहता येईना.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. सांतियागोचा पार्के आराउको हा मॉल १९८२ साली उघडला, म्हणजे देशाची अर्थव्यवस्था कोसळली त्याच वर्षी. त्याच शहरातल्या ला फ्लोरिदा भागातला मॉल प्लासा व्हेस्पुसिओ १९९०चा. त्याच वर्षी मार्चमध्ये पिनोचेतची लष्करी राजवट संपली. पहिला सुखवस्तू वस्तीतला, दुसरा मध्यमवर्गाचा. १९९७ साली मेट्रो त्या दुसऱ्याच्या दाराशी येऊन थांबली. आणि मॉलच्याही आधीचे ‘काराकोल’ बघायला विसरू नकोस. काराकोल म्हणजे गोगलगाय. आत गोल गोल चढत जाणारा उतार आणि कडेने बारकी दुकानं. सांतियागोच्या प्रोव्हिदेन्सिया भागात अजून आहेत. शिंपी, केशकर्तन, दुरुस्तीवाले... मला तरी मॉलपेक्षा तिथेच जास्त करमायचं.

आता कास्त्रो. चिलोए बेटावरचं हे गाव समुद्रात खांबांवर उभ्या रंगीत घरांसाठी आणि लाकडी चर्चसाठी ओळखलं जातं. बेटांवरची १६ चर्च २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांतलं एक कास्त्रोच्या चौकात आहे. या लाकडी गावाच्या डोक्यावर काँक्रीटचा मॉल उभा राहिला आणि २०१४ साली उघडला. वास्तुविशारद खवळले, युनेस्कोनेही नाराजी कळवली. मीही फोटो बघून शिव्या घातल्या होत्या. मग तिथे गेलो. मॉल ओबडधोबड आहेच, ते मत बदललेलं नाही. पण मॉल हवा म्हणून मोर्चा काढणारे लोकही त्याच गावचे होते. मुलाचे बूट घ्यायचे तर फेरीबोटीने खाडी ओलांडून पुएर्तो मोंत गाठायचं, यात कसलं आलंय सौंदर्य! फोटो काढून परतणाऱ्याला हा हिशेब लागत नाही.

वाल्पाराइसोत उलट घडलं. बंदरालगत बारोन भागात मॉल व्हायचा होता. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून तो अडवला, २०१७च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवाना रद्द केला. आज तिथे समुद्रकाठी बाग आहे. ही दोन्ही गावं बघितल्याशिवाय मॉल चांगला की वाईट यावर कुणाशी वाद घालू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगतोय.

गल्ल्यापाशीही उभी राहा. कॅशियर आधी ‘रुत’ विचारतो, म्हणजे ओळख क्रमांक. दुकानाचे पॉइंट त्यावर जमा होतात. मग विचारतो, ‘कोन कुओतास?’ हप्त्यांनी का? तिकडच्या मोठ्या दुकानांची स्वतःची कार्डं असतात आणि चपलांचा जोडसुद्धा तीन हप्त्यांत जातो. त्यामुळे विक्रीच्या रकान्याशेजारी हप्त्यांचा रकाना ठेव, नाहीतर कोण खरंच पैसेवाला आणि कोण उधारीवर, हे तुला कळणार नाही.

एक कामाचं. १ जानेवारी, १ मे, १८ आणि १९ सप्टेंबर, २५ डिसेंबर: या पाच दिवशी कायद्याने मॉल बंद असतात. १८ सप्टेंबरच्या आदल्या संध्याकाळी नवी प्रणाली सुरू करू या, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. मी हो म्हटलं होतं. दोन दिवस अख्खा देश मांस भाजत होता आणि मी एकटा बंद गल्ल्याशी बसून होतो.

दक्षिणेला जाशील तेव्हा चांगला रेनकोट घे, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. कास्त्रोहून पत्र टाक.

कळावे,
तुझा जुना साहेब