मतदानाची सवय नेमकी कधी लागते?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. ती मोर्चांना जाते, सह्यांच्या मोहिमांत पुढे असते. पण मतदार यादीत नाव नोंदवायचे टाळते. तिला राजकारणाविषयी अनास्था आहे का?

उत्तर : मुळीच नाही; मोर्चा हाही राजकीय सहभागच आहे. मात्र मोर्चामुळे प्रश्न ऐरणीवर येतो आणि त्यावर निर्णय घेणारी माणसे मतपेटीतून ठरतात. शिवाय उमेदवार प्रचाराची आखणी मतदार यादी समोर ठेवून करतात, त्यामुळे ज्या वयोगटाची नावे यादीत कमी, त्याच्या शिक्षणाचे आणि रोजगाराचे प्रश्न सहज मागे पडतात. तिला दोष देण्याआधी अडचण विचारा. शिक्षणासाठी घर सोडलेल्या अनेकांना नाव कोणत्या पत्त्यावर नोंदवावे, हेच कळत नाही.

प्रश्न : सोळाव्या वर्षी मताधिकार देणे घाईचे नाही का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ वर आणले. ब्राझीलमध्ये १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना १९८८ च्या संविधानापासून ऐच्छिक मताधिकार आहे. स्कॉटलंडच्या २०१४ मधील सार्वमतातही या वयाच्या मुलांनी मतदान केले आणि त्यांचा उत्साह त्यांच्याहून थोड्या मोठ्या तरुणांपेक्षा अधिक दिसला. याचे कारण समजण्यासारखे आहे : सोळाव्या वर्षी बहुतेक मुले घरी राहतात, शाळेत नागरिकशास्त्र शिकतात आणि मतदानाला पालकांसोबत जाऊ शकतात, अठराव्या वर्षी मात्र गाव, मित्र, दिनक्रम सारेच बदलत असते. पहिली संधी हुकली की पुढचीही हुकण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिले मतदान स्थिरस्थावर वयात व्हावे, असे माझे ठाम मत आहे. अर्थात, शाळेत उमेदवार, जाहीरनामे आणि अर्थसंकल्प यांवर मोकळी चर्चा होत नसेल, तर केवळ वय घटवून फारसे साधणार नाही.

प्रश्न : मत देता येते, मग निवडणूक का लढवता येत नाही?

उत्तर : अनेक देशांत ही तफावत आहे. भारतात मतदानासाठी १८, तर लोकसभेच्या उमेदवारीसाठी २५ वर्षे लागतात. नायजेरियात तरुणांच्या चळवळीमुळे २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारीचे वय ३० वरून २५ झाले. तरीही प्रचाराचा खर्च आणि पक्षाचे तिकीट हे अडथळे उरतातच.

प्रश्न : कोणत्याही पक्षात न जाता सुरुवात कुठून करावी?

उत्तर : स्थानिक संस्थेच्या अर्थसंकल्पापासून करावी. एकच बाब निवडा, उदाहरणार्थ वाचनालयासाठीची तरतूद. मागील वर्षी किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, हे लेखी विचारा आणि पुढील बैठकीच्या इतिवृत्तात आपला प्रश्न नोंदला गेला आहे का, ते पाहा.