पोरगं फुकटात कंपन्यांसाठी राबतंय का?

नमस्कार दादा, तासगावहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओपन सोर्सचं (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं) काम करत बसतो, रुपया मिळत नाही, त्यात मराठी जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून त्याने पाठवलेला पॅच (कोडमधली दुरुस्ती) चार महिने तसाच पडून आहे, तर कंपन्या पोराला फुकट राबवतायत का असं तुम्ही विचारलंय.

तुमची द्राक्षबाग आहे म्हणून तसंच सांगतो. एक्सपोर्टवाला आला की बाग तुमचीच राहते, पण मणी किती एमएमचा पाहिजे, फवारणी कधी बंद करायची हे त्याच्या ऑर्डरवर ठरतं, इथंही तेच होतं बघा. लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने कॉलेजात असताना सुरू केलं, आज त्याच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, बहुतेक काम इंटेल, रेड हॅट, गुगल असल्या कंपन्यांची पगारी माणसं करतात. मग सर्व्हर, क्लाउड, सिक्युरिटी यांच्या पॅचकडे बघायला माणूस असतो, आणि बऱ्याच प्रोजेक्टात मराठी अक्षरांचं काम आलं की ते तपासायला फारसं कुणी नसतं. पोराचा कोड वाईट आहे असं लगेच समजू नका.

कंपन्या नसल्या की काय होतं तेही बघितलंय आपण. जगभरच्या वेबसाइट माहिती सुरक्षित पाठवायला ज्या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरच्या भरवशावर होत्या तिथं २०१४ ला हार्टब्लीड नावाचा मोठा दोष सापडला, तेव्हा पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाची देणगी २००० डॉलरच्या आसपास! त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे घातले.

मला खरी काळजी वाटते ती एकाच कंपनीच्या हातातल्या प्रोजेक्टची. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलून वापरावर बंधनं घातली, बाहेरच्या लोकांनी दिलेला कोडही त्यातच गेला, शेवटी लोकांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू वेगळं काढलं. म्हणून आपल्या कोडचे हक्क प्रोजेक्टवाल्यांना देणारा सीएलए नावाचा करार पुढे आला तर वाचल्याशिवाय सही करू नको म्हणावं त्याला.

आज रात्री त्याला प्रोजेक्टचा गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंदवही) उघडून वर्षभरात कुठल्या कंपनीच्या ईमेलवरून किती काम आलंय ते मोजायला सांगा. चार-पाच कंपन्या दिसल्या तर तिथंच टिकून राहू दे, त्यांना माणसं घ्यायची असतात तेव्हा ओळखीच्या हाताकडे आधी बघतात. सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेजचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथल्या सिनिअर पोरांना भेटू दे, आणि प्रोजेक्टचं नाव मला कळवा, तो पॅच कुठं अडकलाय ते मी पण बघतो.